देवळापुढची खोटी भिंत

कोकणात शूटिंगला येणाऱ्यांना कोकण हवं असतं, पण लाल माती नको असते. ती बुटांना लागते, नायिकेच्या साडीला लागते, आणि मग संध्याकाळी माझा फोन वाजतो, "सुर्वे, जरा कमी लाल जागा नाही का कुठे?" एका जाहिरातवाल्यांना बोटी नसलेला समुद्र हवा होता. मी त्यांना बुरोंडीच्या पुढे नेलं आणि चार तास एका मच्छीमाराची मनधरणी केली, की बाबा, तुझी होडी त्या खडकाआड घे. त्याने घेतली. मग दिग्दर्शक म्हणाला की समुद्र अगदीच रिकामा वाटतोय, एखादी होडी असती तर बरं.

हा माझा धंदा. गेली बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात शूटिंगचं स्थानिक काम मी पाहतो. जागा शोधायची, घरमालकाला राजी करायचं, ग्रामपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी काढायची, गर्दीच्या प्रसंगाला माणसं गोळा करायची, त्यांना जेवू घालायचं, आणि युनिट गेल्यावर गावात पुन्हा तोंड दाखवता येईल अशा बेताने सगळं आवरायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. कॅमेरा आठ दिवसांत जातो, मला इथेच राहायचं असतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गमतीचे किस्से मागितले होते. आहेत भरपूर. लांज्याचे एक निवृत्त कंडक्टर माझ्याकडचे ठरलेले प्रेत आहेत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हलायचं नाय एवढंच ना? आख्खी नोकरी हलत काढली, आता पडून बघतो." त्यांच्या पत्नीची एकच अट असते, पाय दक्षिणेकडे करून झोपवायचं नाही. त्यापायी एकदा कॅमेरा या टोकाचा त्या टोकाला न्यावा लागला होता. असे किस्से सांगत मी दिवाळीभर लोकांना हसवू शकेन. पण मला या वेळी दुसरंच सांगायचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काम हातात घ्यायची हिंमत होत नाही. संपादकांना तसं कळवलं. ते म्हणाले, लिहा.

गेल्याच्या आदल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, मुंबईहून एका सिनेमाचं काम आलं. सिनेमा राजकीय होता. नाव नसलेला एक देश, त्यातलं बंदराचं एक शहर, आणि लष्कर सत्ता ताब्यात घेण्याआधीचे सहा दिवस. दिग्दर्शक एक बाई होत्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला गोष्ट सांगितली. सहसा मला कोणी गोष्ट सांगत नाही, किती खोल्या आणि किती गाड्या एवढंच सांगतात.

गोष्टीचा नायक एक छापखानेवाला आहे. साधा, पापभीरू माणूस. त्याच्याकडे एक लष्करी अधिकारी येतो आणि संचारबंदीची पत्रकं छापायची ऑर्डर देतो. संचारबंदी अजून लागलेली नाही. पत्रकावर तारीख चार दिवसांनंतरची आहे. म्हणजे काय होणार आहे हे त्या खोलीत दोघांनाही कळतं. अधिकारी धमकी देत नाही, आवाजही चढवत नाही. छापखानेवाला पत्रक वाचतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, "कागद कोणता?"

बाई म्हणाल्या, "माझा सगळा सिनेमा या एका प्रश्नात आहे. बेकरीवाला विचारतो पाव किती, स्टेशनमास्तर विचारतो गाडी किती वाजता. कशासाठी, हे कुणी विचारत नाही."

मला गोष्ट आवडली. मी विचारलं, "लोकेशन किती दिवस लागेल?"

त्यांना जुन्या शहरातला चौक हवा होता. कौलारू घरांची अरुंद गल्ली आणि तिच्या तोंडाशी मोकळं पटांगण, जिथे ट्रक येऊन थांबतील. तसं पटांगण माझ्या माहितीत एकच होतं, एका गावातल्या ग्रामदेवतेच्या देवळापुढचं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांच्यासाठीच हे लिहिलं आहे.

अडचण देवळाची होती. कुठल्याशा परदेशी शहरात आमच्या देवीचं देऊळ कसं चालेल? तेव्हा कलादिग्दर्शकाने तोडगा काढला. देवळापुढे प्लायवूडची उंच भिंत उभी करायची, तिला खिडक्या काढायच्या, रंग द्यायचा, आणि वर पाटी लावायची, माहिती मंत्रालय. आठ दिवस देऊळ त्या भिंतीमागे राहील. पूजाअर्चा बाजूच्या दारातून चालू राहील. मी प्रॉडक्शनच्या कपिलला सांगून टाकलं, परवानगी झाली म्हणून समज. मी नेहमी असंच सांगतो. आजवर माझा शब्द कधी खाली पडला नव्हता, आणि तोच माझा माज होता, हे आता लिहिताना कळतं.

गावात बैठक झाली आणि गाव सरळ दोन तुकड्यांत फुटलं. निम्मे म्हणाले, गावाचं नाव होईल. निम्मे म्हणाले, देवीपुढे भिंत घालायची म्हणजे काय? मी तऱ्हेतऱ्हेने समजावलं, खांबासाठी पटांगणात एकही खड्डा खणणार नाही असा शब्द दिला. शेवटी मुख्य मानकरी तात्या उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमी बोलणारा. म्हणाले, "आपण कशाला भांडतो? देवीचं अंगण, देवीला विचारू. उद्या सकाळी कौल लावा."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावाचा अवघड निर्णय असा देवापुढे ठेवतात. गुरव फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी पाच मिनिटांत निकाल लागतो, कधी दोन-दोन तास एकही कळी सुटत नाही. त्या वेळात कोणी बोलत नाही. मी स्वतः असा कौल लहानपणापासून पाहत आलो आहे आणि मी तो मानतो. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे मी न मानणारा होतो म्हणून केलं, अशी सवलत कोणी मला देऊ नये.

बैठक संपली तेव्हा दुपार होती. तेवढ्यात कपिलचा फोन आला की लष्करी रंगाचे सहा ट्रक सकाळीच मुंबईहून निघालेत आणि चिपळूण सोडून पुढे आलेत. मी गाडी काढली नाही, चालतच गुरवांच्या घरी गेलो.

दत्ताराम गुरव माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या घराण्याकडे देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या. ते पडवीत बसून चिंच लावून समया घासत होते. त्यांचा मुलगा संतोष मुंबईत शूटिंगच्या लाइटखात्यात आहे. त्याला ते काम मी लावून दिलं होतं. वहिनींनी चहा आणला. मी सहज म्हणावं तसं विचारलं, "संतोषचं बरं चाललंय ना?"

"तुमच्या कृपेनं बरां हाय," दत्ताराम म्हणाले.

या सिनेमाची लाइट ज्या कंपनीची होती, तिथेच संतोष होता. हे त्यांना माहीत होतं. मी ते बोललो नाही. मी एवढंच म्हणालो की ट्रक चिपळूण सोडून पुढे आलेत.

दत्तारामांनी समई खाली ठेवली. "देवी काय सांगल तां मी आज कसां सांगू, सुर्वेभाऊ?"

"मी कुठे काय सांगतोय? निकाल लवकर लागला तर बरं, एवढंच. कधी कधी फार वेळ जातो."

ते माझ्याकडे बघत राहिले. कळी नीट भिजवून दाबली की तास-तास हलत नाही, कोरडी टेकवली की लगेच सुटते, हे गुरवाला माहीत असतं. मलाही माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. पडवीत एवढंच घडलं. मी चहा संपवला, कप विसळून कट्ट्यावर उपडा ठेवला आणि निघालो. वहिनी म्हणाल्या, आंबोळ्या घालते, थांबा. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पन्नास-साठ माणसं होती. दत्तारामांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीसारखाच होता. उजवी कळी तीन-चार मिनिटांत पडली. लोकांनी हात जोडले. जे विरोधात होते त्यांनीही जोडले, कारण आता प्रश्न उरला नव्हता. तात्यांनी मला नारळ दिला आणि म्हणाले, "देवीचा हुकूम झाला. आता काम नीट करा." दत्ताराम गाभाऱ्यातून बाहेर आले ते माझ्या शेजारून गेले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी कपिलला फोन लावला, ट्रक आत घे.

काम सुरू झालं. एवढं मोठं युनिट गावाने कधी पाहिलं नव्हतं. गावातले साठ-सत्तर जण गर्दीत उभे राहायला तयार झाले, कोटटोप्या घालून एकमेकांना ओळखेनासे झाले. तात्यांच्या सुनेला पाववालीचं काम मिळालं, तिने पहिल्याच शॉटला खऱ्या अधिकाऱ्याला द्यावा तसा त्या नटाला पाव निवडून दिला. भिंत उभी राहिली आणि देऊळ दिसेनासं झालं. पाटीवर माहिती मंत्रालय असं कुठल्याशा अगम्य लिपीत लिहिलेलं. आरतीच्या वेळी त्या मंत्रालयाच्या आतून घंटा ऐकू यायची आणि आवाज घेणारा माणूस कपाळाला हात लावायचा.

दुसऱ्या दिवशी छापखान्याचा प्रसंग होता. नायकाचं काम करणारे नाटकातले जुने नट होते. ते एक वाक्य, "कागद कोणता?", त्यांनी अकरा वेळा केलं. बाईंना एकही पसंत पडेना. मधल्या वेळेत नट माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बाई म्हणतात मी घाबरलेला दिसतो. घाबरायचं नाहीये. मग हा माणूस कशासाठी छापतो हो?"

मी म्हटलं, "त्याचा छापखाना वेळेवर काम देण्याबद्दल नावाजलेला असेल."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि बाराव्या वेळी ते वाक्य असं म्हणाले की बाईंनी लगेच हात वर केला. सिनेमा पाहिला असेल तर आठवेल, त्या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाही. किंचित अभिमान आहे.

आता पाचव्या दिवसाचं. खड्डे खणायचे नाहीत असा शब्द मी दिलेला, त्यामुळे भिंतीचे टेकू वाळूच्या पिशव्यांवर उभे होते. त्या सकाळी ट्रकच्या प्रसंगात चौकी दाखवायची होती. चौकीला वाळूच्या पिशव्या लागतात. कलाखात्याच्या माणसाने मला विचारलं, भिंतीच्या मागच्या पिशव्या दोन तास घेऊ का? त्याने मलाच विचारलं, कारण जागेची जबाबदारी माझी. मी म्हटलं, "किती घेशील?" तो म्हणाला, निम्म्या. मी म्हटलं, घे.

दोन तासांचे पाच तास झाले. दुपारी खाडीकडून वारा सुटला. भिंत आधी वाकली, मग एका अंगाने पटांगणात आली. तिथे सहाण आहे, म्हणजे शिमग्यात देवीची पालखी बसते तो जांभ्याचा चौथरा. भिंतीची लाकडी चौकट बरोबर त्याच्या कोपऱ्यावर आपटली आणि कोपऱ्याचे दोन चिरे निखळून खाली पडले. कोणाला लागलं नाही. गावातल्या बायका तोंडावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

दोन चिरे बसवणं गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. कपिल तेच म्हणत होता. पण गावाचा विचार वेगळ्या दिशेने चालू झाला होता आणि तो मला त्याच संध्याकाळी कळला. देवीने हुकूम दिला असता तर देवीची सहाण मोडली नसती. सहाण मोडली, म्हणजे देवीने हुकूम दिलेला नव्हता. मग कळी उजवी पडली कशी? या विचारात कुठेही फट नव्हती. आणि दुर्दैव असं की या वेळी तो खरा होता.

सकाळी देवळात बैठक बसली. मला आणि कपिलला बोलावलं होतं. भिंतीचा अर्धा भाग अजून उभा होता, त्याच्या मागे अर्ध्या उजेडात सगळे बसले होते. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, की तात्या, भिंत वाऱ्याने पडली, कारण पिशव्या माझ्या सांगण्याने काढल्या. एवढं बोललो असतो तर कौलाचा विषय तिथेच थांबला असता. दोष माझ्यावर आला असता, त्या दिवसापुरतं शूटिंग थांबलं असतं, कदाचित कायमचं. मुख्य प्रसंग अजून राहिला होता. कपिल शेजारी बसून मला कोपराने ढोसत होता, लवकर आटप म्हणून.

तात्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी दत्तारामांना विचारलं, "गुरवा, दोन्ही कळ्या सारख्याच भिजवल्या होत्या?"

दत्ताराम नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. देवीच्या समोर त्यांना खोटं बोलता येईना, आणि खरं बोलायला माझं नाव घ्यावं लागलं असतं.

मग मागून कुणीतरी म्हणालं की कौलाच्या आदल्या दिवशी सुर्वे गुरवांच्या पडवीत दिसले होते. तात्या माझ्याकडे वळले. "कशाला गेला होतात?"

मी म्हणालो, "चहाला."

खोटं काही नव्हतं त्यात. चहा झाला होता. दत्तारामांनी मान वर करून माझ्याकडे एकदाच पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. ज्याच्याकडून आता काही येणार नाही हे कळलं, त्याच्याकडे बघावं तसं पाहिलं. पिशव्यांचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

बैठकीने ठरवलं की दत्ताराम गुरवांनी आजपासून गाभाऱ्यात जायचं नाही. पूजा त्यांचा चुलतभाऊ सहदेव करील. शूटिंग पुरं होऊ द्यावं, पण उरलेली भिंत आजच उतरवावी. दत्ताराम कंबरेला बांधलेली गाभाऱ्याची किल्ली काढू लागले. त्यांना ती गाठ सुटेना, तेव्हा सहदेवने पुढे होऊन ती सोडवली आणि किल्ली तात्यांसमोर ठेवली. साठ माणसांपैकी कोणीही वर पाहत नव्हतं. मीही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सिनेमातला मोठा प्रसंग झाला. भिंत उरली नव्हती, म्हणून कॅमेरा देवळाकडे पाठ करून लावला. लष्कर शहरात शिरलं आहे, छापखानेवाल्याच्या शेजाऱ्याला सैनिक धरून नेतात, आणि चौकातली माणसं बघत उभी राहतात. बाईंना काळजी होती की हौशी माणसं कॅमेऱ्यात बघतील, हसतील, नको तितका अभिनय करतील. गावातलीच माणसं होती सगळी. पहिल्याच वेळी त्यांनी असं काही केलं की युनिटमधले लोक स्तब्ध झाले. कुणी मान खाली घातली, कुणी टोपी नीट करू लागलं, एकीने डोक्याच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. दिग्दर्शक बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सुर्वे, यांना कोणी शिकवलं हे?"

मी म्हटलं, "काही कल्पना नाही."

युनिट वेळेवर गेलं. कपिलने मला मिठी मारली, म्हणाला, तुमच्यासारखा माणूस कोकणात नाही. सहाणेचे चिरे मी उभं राहून बसवून घेतले. जुन्या जांभ्याच्या रंगाशी जुळणारा चिरा मिळायला तीन खाणी फिरलो. आज तो कोपरा वेगळा ओळखू येत नाही. ही गोष्ट सांगताना पूर्वी मला बरं वाटायचं.

दत्तारामांना पूजा सुटल्यावर तिच्या मोबदल्यात मिळणारं देवीच्या जमिनीचं पीकही सुटलं. ते लांज्याला एका काजूच्या कारखान्यात पहाऱ्यावर जाऊ लागले. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. हे मला ड्रायव्हर-कंडक्टरांकडून कळत होतं. कामासाठी लांज्याला जाणं झालं की मी त्या कारखान्याचा रस्ता टाळायचो. संतोषने मला एकदा फोन केला होता. बाबा काहीच बोलत नाहीत, तुम्हाला काही माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गावचं राजकारण असतं रे, तू तुझ्या कामाकडे लक्ष दे. त्या रात्रीपासून माझी झोप जी गेली ती गेलीच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. बायको म्हणायची, एवढं कसलं टेन्शन आहे तुम्हाला, आता तर हाताला काम आहे. तिलाही सांगितलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात सिनेमा लागला. रत्नागिरीत गावचे लोक दोन टेम्पो करून आले. आपली घरं, आपली गल्ली पडद्यावर बघून आधी शिट्ट्या झाल्या. मग तो चौकातला प्रसंग आला आणि आमच्या रांगा गप्प झाल्या. तात्या माझ्या पुढच्या रांगेत होते. पडद्यावर ते स्वतः होते, काळा कोट घालून, खाली बघत. शेवटी छापखानेवाल्याला कोणीही काही करत नाही. लष्कर त्याला आणखी काम देतं. तो रोज छापखाना उघडतो. सिनेमा तिथेच संपतो. मग नावं सुरू झाली आणि आभारांत माझं नाव आलं. आमच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर गेलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी गुरव आहे का?"

म्हणून जुलैत लांज्याला गेलो. दत्ताराम कारखान्याच्या फाटकाशी स्टुलावर बसले होते. अंगावर खाकी सदरा. भाजलेल्या काजूच्या टरफलांचा उग्र वास होता सगळीकडे. मला बघून ते उठले, साहेब आल्यावर उठतात तसे. मला ते सहन होईना. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो. पिशव्यांचं, चहाचं, संतोषबद्दल त्या दिवशी का विचारलं त्याचं. म्हटलं, मी गावात जाऊन सांगतो, छापूनही आणतो, तुमच्यावरचा डाग काढतो.

त्यांनी एका ट्रकला फाटक उघडून दिलं, वहीत नंबर लिहिला, फाटक लावलं आणि परत आले.

"लिवा," ते म्हणाले. "पन माजां नाव साफ कराया लिवू नका. डावी कळी मी दाबली. माज्या बोटांनी. तुमी माजा हात धरला नव्हता."

"पण मी बोललो असतो तर..."

"तर तुमचां तुमी लिवा ना. माजां कशाला वाटून घेतास?"

मी विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत? त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं, पण मी बसलो नाही. ते म्हणाले, "मी वाट बघत होतंव. म्हटलां, आता बोलतील, आता बोलतील."

श्रावणात मी तात्यांकडे गेलो आणि बैठक बोलवायला सांगितलं. पुन्हा त्याच देवळात, पण या वेळी समोर भिंत नव्हती आणि चांगला उजेड होता. मी उभा राहून सांगितलं. पिशव्या कोणी काढल्या ते सांगितलं. पडवीत काय बोललो, काय बोललो नाही, तेही सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एकाने विचारलं की मग आता कौल लावून देवीलाच विचारायचं का, दत्तारामाला परत घ्यावं की नाही. दोन-चार माना डोलल्या. सहदेव उठायलाही लागला.

तात्या म्हणाले, "खाली बस. देवीला काय विचारायचं त्यात? त्या दिवशी आपण साठ जण इथं होतो. सुर्वे खोटं बोलले ते आपल्याला कळलं नव्हतं काय?"

तात्या पुढे म्हणाले, "मला कळलं होतं. पण गावाला शूटिंग हवं होतं. मलाही कोट घालून उभं राहायचं होतं." मग ते माझ्याकडे वळले. "सुर्वे, तुमी इथं दर्शनाला या. काम घेऊन येऊ नका."

घट बसायच्या आधी तात्या आणि आणखी चार मानकरी दत्तारामांच्या घरी गेले. मला त्यात नेलं नाही, नेणारही नव्हते. नंतर कळलं की दत्तारामांनी एकच अट घातली. पूजा करीन, झाडलोट करीन, कौल लावणार नाही. कौल सहदेवने लावावा.

नवरात्रात मी बायकोला घेऊन दर्शनाला गेलो. दत्तारामांनी सगळ्यांना देतात तसं माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं. तेवढ्यात वरच्या वाडीतलं एक कुटुंब विहिरीची जागा विचारायला आलं. सहदेवने कळ्या भिजवल्या, मूर्तीला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. ती माणसं माना पुढे काढून बघत बसली. दत्ताराम गाभाऱ्यातून बाहेर आले, सभामंडपाच्या खांबाशी येऊन पटांगणाकडे तोंड करून उभे राहिले. कळी पडायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ त्यांनी पाठ फिरवलेलीच होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही.